दुसऱ्या पियानोत न मावणारा ऑर्केस्ट्रा

पियानो कॉन्चेर्टो, म्हणजे एकटा पियानो आणि ऑर्केस्ट्रा यांच्यासाठी लिहिलेली रचना, शिकणाऱ्या बहुतेकांकडे दोन पियानोंची प्रत असते. वरच्या दोन ओळी आपल्या आणि खालच्या दोन ओळींत सगळा ऑर्केस्ट्रा कोंबलेला. ओबो असो, हॉर्न असो की चेलो, सगळे तिथे एकाच ठशाचे काळे ठिपके होऊन बसतात. कोण वाजवतंय हे बारीक अक्षरात लिहिलेलं असलं तर असतं, नसलं तर नाही. रेकॉर्डिंग ऐकताना जो बासून आपल्या धुनीला उत्तर देतो, तो या प्रतीत डाव्या हाताचा एक मधला स्वर झालेला असतो.

म्हणून जून २०२४ मध्ये पूर्ण स्कोअर, म्हणजे सगळ्या वाद्यांच्या ओळी एकाखाली एक छापलेल्या प्रती, वाचायला घेतले. एप्रिल २०२५ पर्यंत पाच झाले: शोपाँचा एफ मायनर, शूमान, ग्रीग, चायकॉव्स्कीचा पहिला आणि रखमानिनोवचा दुसरा. रोज साधारण एक तास, आठवड्यातून पाच दिवस. पियानो वाजवता येणं आणि दोन क्लेफ (कोणत्या रेघेवर कोणता स्वर ते सांगणाऱ्या खुणा) वाचता येणं एवढ्या भांडवलावर हे जमतं. पण सुरुवातीचे दोन महिने पान उघडलं की डोळे कुठे ठेवायचे तेच कळत नाही. ते दोन महिने सोपे जावेत म्हणून सगळं क्रमाने लिहिते आहे.

आधी नावांचा घोळ मिटवू. 'फुल स्कोअर' म्हणजे कंडक्टरसमोरची मोठी प्रत. 'स्टडी स्कोअर', 'पॉकेट स्कोअर' किंवा 'मिनिएचर स्कोअर' म्हणजे तोच मजकूर लहान आकारात. काहीही गाळलेलं नसतं, फक्त डोळ्यांना त्रास जास्त. 'पार्ट्स' म्हणजे एकेका वादकाची सुटी प्रत, ती अभ्यासाला निरुपयोगी. 'रिडक्शन' म्हणजे वर सांगितलेली दोन पियानोंची प्रत. ती टाकून देऊ नका, पुढे लागते.

मग हक्कांचा प्रश्न. भारतात संगीतकाराच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं स्वामित्वहक्क असतो. रखमानिनोव २८ मार्च १९४३ ला वारला, म्हणजे त्याच्या रचना आपल्याकडे २००३ संपताच मोकळ्या झाल्या. बाकीचे चौघे तर कधीच मोकळे आहेत. मोकळी असते ती रचना आणि तिच्या जुन्या छापील आवृत्त्या. गेल्या काही वर्षांत संपादकांनी हस्तलिखितं ताडून काढलेली नवी आवृत्ती विकतच घ्यावी, तिची स्कॅन फिरवू नये. युरोपात मुदत ७० वर्षांची आहे, त्यामुळे परदेशात राहणाऱ्यांनी तिथला हिशेब वेगळा करावा.

जुन्या आवृत्त्यांसाठी आयएमएसएलपी हे २००६ पासून चालणारं नोटेशनचं ऑनलाइन ग्रंथालय पुरतं. सभासद नसाल तर प्रत्येक फाइलआधी थोडा वेळ थांबावं लागतं, तेवढंच. चुका होतात त्या फाइल निवडताना. एकाच कॉन्चेर्टोच्या पानावर पूर्ण स्कोअर, पार्ट्स आणि अरेंजमेंट अशा वेगवेगळ्या याद्या असतात आणि सगळ्यात जास्त डाउनलोड झालेली फाइल बहुधा दोन पियानोंचीच असते. मी पहिल्यांदा तीच उतरवली. उतरवण्याआधी चार गोष्टी बघाव्यात: प्रकाशक आणि साल, पानांची संख्या, स्कॅन काळंपांढरं आहे की करडं, आणि शेवटचं पान खरंच शेवटचं आहे का. करड्या स्कॅनमध्ये छपाईला शाई भरपूर जाते आणि रेघा पुसट येतात.

छपाईत माझे पहिले सहाशे रुपये वाया गेले. जुने स्कोअर ए-४ पेक्षा बरेच मोठे असत. सतरा-अठरा ओळींचं पान ए-४ वर आणलं की शार्प आणि नॅचरल या खुणांमधला फरक भिंगाशिवाय दिसत नाही. दुसऱ्या खेपेला ए-३ वर, दोन्ही बाजूंनी, १०० जीएसएम कागदावर छापलं. दुकानदाराला दोन गोष्टी आधीच सांगायच्या. पान 'फिट' करताना चारही बाजूंना पांढरी जागा सोड, कारण पेन्सिलीच्या नोंदी तिथेच होतात. आणि मूळ पुस्तकातलं उजवीकडचं पान आपल्याकडेही उजवीकडेच येऊ दे. मुखपृष्ठ गाळून छापलं की सगळी पानं एका घराने सरकतात आणि जिथे मूळ छापणाऱ्याने पान उलटायची सोय ठेवलेली असते तिथे आपल्याला भलत्याच ठिकाणी उलटावं लागतं. बाईंडिंग तारेचं करावं, म्हणजे पुस्तक स्टँडवर सपाट बसतं. पाच स्कोअरांचा छपाई-बाईंडिंगचा खर्च शेवटी चार हजारांच्या आत बसला.

शोपाँ मात्र असा छापून भागत नाही. त्याच्या हयातीत या कॉन्चेर्टोंचे सुटे पार्ट्स निघाले, पूर्ण स्कोअर नाही. छापील स्कोअर बऱ्याच वर्षांनी आले आणि त्यांत नंतरच्या लोकांनी हात फिरवला. यान एकिएर यांनी संपादित केलेल्या पोलिश राष्ट्रीय आवृत्तीत म्हणूनच ऑर्केस्ट्राच्या दोन वेगळ्या प्रती दिल्या आहेत, एक 'ऐतिहासिक' आणि एक 'मैफलीची'. ही आवृत्ती बघण्यासाठी मुंबईतल्या एका संस्थेच्या ग्रंथालयात तात्पुरतं सभासदत्व काढलं. अर्ज, दोन फोटो, ओळखपत्राची प्रत, पत्त्याचा पुरावा, संगीतशिक्षकाचं पत्र आणि दोन हजार रुपये परत मिळणारी अनामत. 'पत्रावर शिक्का नाही' म्हणून अर्ज एकदा परत आला. खासगी शिक्षकाकडे शिक्का कुठून असणार? लेटरहेड आणि सही यांवर शेवटी काम झालं, पण त्यात बारा दिवस गेले. पुस्तक बाहेर नेता येत नाही, तिथेच बसून बघायचं. त्यामुळे आधी घरी प्रश्नांची यादी करून न्यावी आणि बार (ओळीवरच्या दोन उभ्या रेघांमधला तुकडा) क्रमांकासह नोंदी आणाव्यात. पेन आत नेऊ देत नाहीत, पेन्सिल चालते.

शूमान आणि रखमानिनोव यांचे पॉकेट स्कोअर जर्मनीहून मागवले. टपालासह साधारण साडेपाच हजार रुपये. पार्सल तीन आठवड्यांत मुंबईत पोचलं आणि केवायसीसाठी नऊ दिवस पडून राहिलं, कारण कुरिअरवाल्यांचा ईमेल स्पॅममध्ये गेला होता. परदेशातून पुस्तकं मागवली की दर दोन दिवसांनी ट्रॅकिंग बघायचं आणि ओळखपत्राची पीडीएफ तयार ठेवायची. पत्त्यावरचं आणि ओळखपत्रावरचं नाव अक्षरशः सारखं हवं. माझं मधलं नाव एका ठिकाणी होतं, दुसऱ्या ठिकाणी नव्हतं. त्याचे दोन दिवस वेगळे.

पार्सल येईपर्यंतचा जुलै पानाची रचना समजून घेण्यात गेला. स्कोअरमध्ये वरून खाली आधी लाकडी फुंकवाद्यं येतात: फ्लूट, ओबो, क्लॅरिनेट, बासून. मग पितळी: हॉर्न, ट्रम्पेट, ट्रॉम्बोन. मग टिंपनी (मोठे नगारे), मग आपला पियानो, आणि सगळ्यात खाली तंतुवाद्यं. पियानो म्हणजे पहिल्या व्हायोलिनच्या लगेच वर. क्रम पक्का असला तरी ओळींची संख्या पक्की नसते. ज्या वाद्याला त्या पानावर काही काम नाही त्याची ओळच गाळतात. त्यामुळे मागच्या पानावर सहावी ओळ हॉर्नची होती म्हणून याही पानावर असेल असं धरलं की फसलात. दर वेळी डावीकडची संक्षिप्त नावं वाचायची. जर्मन आवृत्तीत व्हायोला 'ब्राट्शे' असते, टिंपनी 'पाउकेन', ट्रॉम्बोन 'पोझाउने'. जर्मन 'बी' म्हणजे आपला बी फ्लॅट आणि 'एच' म्हणजे बी. इटालियन नावांच्या आवृत्तीत 'कॉर्नी इन मी' म्हणजे ई मधले हॉर्न. 'ट्रॉम्बे' म्हणजे ट्रम्पेट, ट्रॉम्बोन नव्हेत, आणि इथे सगळेच एकदा तरी घसरतात.

क्लेफसाठी एक युक्ती. व्हायोलाच्या आल्टो क्लेफमध्ये मधली रेघ म्हणजे मधला सी. ट्रेबल समजून वाचा, एक पायरी वर चढा आणि एक सप्तक खाली या. टेनर क्लेफ चेलो, बासून, ट्रॉम्बोन यांना वरच्या पट्टीत गेल्यावर लागतो. तिथे ट्रेबल समजून एक पायरी खाली आणि एक सप्तक खाली. महिनाभर असं गणित करावं लागतं, मग ते आपोआप सुटतं.

खरी अडचण असते ट्रान्सपोझ होणाऱ्या, म्हणजे लिहिलेल्यापेक्षा वेगळा स्वर वाजणाऱ्या, वाद्यांची, आणि इथे पेटीवर साथ केलेल्या माणसाला पाश्चात्त्य विद्यार्थ्यापेक्षा सोपं जातं. गायक 'काळी पाच' म्हणाला की आपण सा तिथे धरतोच ना? तसंच हे. लिहिलेला सी म्हणजे त्या वाद्याचा सा, आणि वाद्याच्या नावात तो सा कुठे आहे ते सांगितलेलं असतं. बी फ्लॅट क्लॅरिनेट म्हणजे काळी पाच, ए क्लॅरिनेट म्हणजे पांढरी सहा, दोन्ही खालच्या बाजूच्या. एफ हॉर्न म्हणजे खालची पांढरी चार, ई हॉर्न खालची पांढरी तीन, ई फ्लॅट हॉर्न खालची काळी दोन. एफ ट्रम्पेट मात्र वरची पांढरी चार. हॉर्न आणि ट्रम्पेट दोघांवर 'इन एफ' लिहिलेलं असतं, एक खाली जातो, दुसरा वर. डबल बास लिहिल्यापेक्षा एक सप्तक खाली आणि पिकोलो एक सप्तक वर. जुन्या स्कोअरमध्ये हॉर्नला बास क्लेफ आला की आणखी एक पेच असतो: तिथे स्वर एक सप्तक खाली लिहायची रीत होती, म्हणून एफ हॉर्न त्या क्लेफमध्ये लिहिल्यापेक्षा वर वाजतो. सुरावट अचानक पाताळात गेली असं वाटलं की हे आठवायचं.

गिरगावातल्या एका निवृत्त गोवेकर ट्रम्पेटवादकांनी अर्ध्या तासात हे सगळं सॉल्फेजमध्ये, म्हणजे डो-रे-मी अशा स्वरनामांनी, गाऊन दाखवलं. गोव्यातल्या चर्चच्या शाळांमधून नोटेशन शिकलेली ही पिढी. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसूझा यांच्यासारखे अरेंजर याच परंपरेतले, हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्राची पानं त्यांनी लिहिली. असे कुणी ओळखीचे असतील तर चार पुस्तकं घेण्याआधी त्यांच्याकडे जा.

ऑगस्टमध्ये शोपाँपासून सुरुवात केली. तो सोपा म्हणून नव्हे, तर पियानो वाजत असताना त्याचा ऑर्केस्ट्रा विरळ असतो म्हणून. एफ मायनर कॉन्चेर्टोत पियानो येण्याआधी ७० बारांचा टुटी, म्हणजे फक्त ऑर्केस्ट्राचा भाग, आहे. रोज आठ बार असे नऊ दिवस त्यावर काढले. दर आठ बारांना हाच क्रम: आधी चेलो आणि बास यांची ओळ डाव्या हाताने वाजवायची. मग पहिल्या व्हायोलिनची धून उजव्या हाताने. मग दोन्ही एकत्र. मग मधल्या ओळी एकेक करून, त्या वाजवायच्या नाहीत, म्हणायच्या. शेवटी फुंकवाद्यं. वरून खाली वाचायला गेलात तर फ्लूटवरच अडकाल आणि हार्मनी कळणारच नाही. पहिला आठवडाभर मी तेच केलं आणि कंटाळून स्कोअर बंद करून ठेवला होता.

लार्गेटो ही संथ दुसरी मूव्हमेंट (रचनेचा एक स्वतंत्र भाग) म्हणजे या कॉन्चेर्टोची गंमत. मधल्या भागात तंतुवाद्यं कापरे स्वर धरून असतात, डबल बास बोटांनी तार छेडतात आणि पियानो दोन्ही हातांनी सप्तकाच्या अंतराने एकच सुरावट बोलल्यासारखी म्हणतो. रिडक्शनमध्ये तो थरार नुसता ट्रेमोलो (स्वरांची भराभर आवृत्ती) म्हणून येतो. बासच्या छेडण्याने खाली जो ठोका मिळतो तो स्कोअर बघितल्यावरच ऐकू यायला लागतो. मूळ धून परत येते तेव्हा बासून पियानोशी बोलतो, ती जागा पेन्सिलीने पियानोच्या ओळीत लिहून घ्या. शेवटच्या मूव्हमेंटमध्ये तंतुवाद्यं धनुष्याच्या लाकडाने वाजवतात आणि पुढे हॉर्नची एकट्याची हाक येते, तिच्यावर 'कोर द सिन्याल' असं लिहिलेलं असतं. तिथून सगळं एफ मेजरमध्ये जातं.

शूमानचं पार्सल सप्टेंबरमध्ये हातात आलं. हा कॉन्चेर्टो १८४१ मध्ये एकाच मूव्हमेंटची फँटसी म्हणून लिहिला गेला, १८४५ मध्ये पुढच्या दोन मूव्हमेंट जोडल्या गेल्या आणि डिसेंबरात त्याची बायको, पियानोवादक क्लारा शूमानने ड्रेस्डेनला तो वाजवला. वाद्यं मोजकी: लाकडी फुंकवाद्यांच्या जोड्या, दोन हॉर्न, दोन ट्रम्पेट, टिंपनी आणि तंतुवाद्यं. ट्रॉम्बोन नाहीत, त्यामुळे पान मोकळं दिसतं. वाद्यं कमी असली तरी सगळ्यात जास्त शिकायला इथेच मिळतं, कारण इथे पियानो आणि ऑर्केस्ट्रा एकमेकांच्या हातातून धून घेतात. पियानोच्या तीन बारांच्या कोसळण्यानंतर मुख्य धून ओबोच्या पुढारपणाखाली फुंकवाद्यं म्हणतात, मग पियानो तीच म्हणतो. ओबोवाला श्वास कुठे घेतो ते बघून आपलं फ्रेजिंग (सुरावट कुठे जोडायची, कुठे तोडायची) ठरवायचं. ए फ्लॅट मेजरच्या संथ भागात क्लॅरिनेटबरोबरचा संवाद आहे, तिथे पियानोचे अर्पेजिओ (एकामागून एक सुटे वाजवलेले कॉर्डचे स्वर) आपल्याला वाटतात तेवढे महत्त्वाचे नाहीत हे पान बघताच कळतं.

तिसऱ्या मूव्हमेंटमध्ये महिनाभर अडकायला होतं. ३/४ मध्ये लिहिलेली दुसरी धून कानाला ३/४ वाटतच नाही. दोन बारांचे सहा ठोके तीन-तीन असे न पडता दोन-दोन-दोन असे पडतात. दादऱ्याच्या सहा मात्रा धरून टाळी देता देता कुणी मध्येच दोन-दोनच्या जोड्या करायला लागावं तसं. धून बारांच्या रेघांवरून जाते आणि पहिल्या ठोक्यावर बऱ्याचदा कुणीच नसतं. उपाय एकच: हाताने बारचा पहिला ठोका टेबलावर मारत राहायचं आणि तोंडाने व्हायोलिनची ओळ म्हणायची. रेकॉर्डिंग लावून हे करू नका, रेकॉर्डिंग तुम्हाला चुकीच्या ठोक्यावर ओढून नेतं. मी तीन आठवडे चुकीचीच मोजणी पक्की करत होते.

नोव्हेंबरमध्ये ग्रीग. इथे आवृत्तीचा सापळा आहे. १८६८ मध्ये लिहिलेला आणि १८६९ च्या एप्रिलमध्ये कोपनहेगनला पहिल्यांदा वाजलेला हा कॉन्चेर्टो ग्रीग १९०७ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत दुरुस्त करत होता. पहिली छापील आवृत्ती १८७२ ची. आधी हॉर्न दोनच होते आणि ट्यूबा होता. नंतर हॉर्न चार झाले आणि ट्यूबाच्या जागी तिसरा ट्रॉम्बोन आला. पहिल्या मूव्हमेंटची दुसरी धून संगीतकार लिस्टच्या सल्ल्याने ट्रम्पेटकडे गेली होती, ती शेवटी चेलोंकडे आली. म्हणून उतरवलेल्या फाइलचं पहिलं पान बघा: ट्यूबा आणि दोन हॉर्न दिसले तर ती जुनी वाट आहे, आज वाजते ती नाही. रेकॉर्डिंगशी पान जुळत नाही म्हणून स्वतःच्या वाचनावर शंका घेण्यात वेळ जाऊ शकतो. क्लॅरिनेट इथे ए आणि बी फ्लॅट, हॉर्न ई आणि ई फ्लॅट असे बदलतात. 'मुटा इन' असे शब्द दिसले की सा बदलला, लगेच समासात 'पांढरी सहा', 'काळी दोन' असं लिहून टाकायचं. आता माझ्या सगळ्या स्कोअरांवर पेटीची भाषा आहे, जर्मनीतल्या छापणाऱ्याने बघितलं तर त्याला काय वाटेल कुणास ठाऊक.

सुरुवातीचा टिंपनीचा घुमत वाढणारा स्वर रिडक्शनमध्ये खालच्या ए वरचा ट्रेमोलो होतो. दुसऱ्या मूव्हमेंटची सुरुवात म्यूट (आवाज दबवणारी चिमटी) लावलेल्या तंतुवाद्यांची, डी फ्लॅट मेजरमध्ये. पियानो त्यात बराच वेळ येतच नाही, आणि आल्यावर त्याने कोणत्या आवाजात शिरायचं हे त्या म्यूटवरूनच ठरतं. तिसऱ्या मूव्हमेंटमध्ये मध्येच फ्लूटची एफ मेजरमधली धून येते, ती शेवटी सगळा ऑर्केस्ट्रा ए मेजरमध्ये गर्जून म्हणतो. तिथे पियानो ऐकू येत नाही अशी तक्रार सगळेच करतात. स्कोअरमध्ये पितळी वाद्यांची पानं बघितली की ती तक्रार थांबते, मग कुठल्या स्वरांवर जोर लावून उपयोग आहे आणि कुठे हात वाचवायचे एवढंच बघायचं उरतं.

याच महिन्यात बार क्रमांकांचं काम केलं, ते पहिल्या दिवशीच करायला हवं होतं. पूर्ण स्कोअर, पॉकेट स्कोअर आणि रिडक्शन यांत तालमीची अक्षरं किंवा आकडे वेगळे असू शकतात. तिन्ही प्रतींत दर दहा बारांनी पेन्सिलीने आकडा घालायचा. पुनरावृत्तीच्या खुणा असतील तर पहिला आणि दुसरा शेवट एकदाच मोजायचा की दोनदा, ते ठरवून पहिल्या पानावर लिहून ठेवायचं. एका कॉन्चेर्टोला दोन संध्याकाळी लागतात.

चायकॉव्स्की जानेवारीत, आणि तो वेगाने झाला, कारण त्याचं पान गच्च दिसलं तरी एकाच वेळी वेगळं असं फार थोडं चाललेलं असतं. तंतुवाद्यं सप्तकांत तीच धून, फुंकवाद्यं तीच हार्मनी. ट्रान्सपोझचा सराव करायला सुरुवातीची हॉर्नची हाक उत्तम: चार एफ हॉर्नांच्या ओळीवर लिहिलेलं असतं सी, ए फ्लॅट, जी, एफ आणि वाजतं एफ, डी फ्लॅट, सी, बी फ्लॅट. सगळ्यांच्या कानात असलेली सुरावट, त्यामुळे चुकलं तर लगेच कळतं. पियानोचे सुरुवातीचे ते प्रसिद्ध भक्कम कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) आधीच्या आवृत्तीत अर्पेजिओ होते, १८७९ च्या आवृत्तीवर आधारलेली नवी रेकॉर्डिंग ऐकून गोंधळू नका. दुसऱ्या मूव्हमेंटमधली एक गोष्ट फक्त स्कोअरमध्येच सापडते: फ्लूटच्या धुनीचे पहिले चार स्वर ए फ्लॅट, ई फ्लॅट, एफ, ए फ्लॅट असे आहेत, आणि पुढे पियानो किंवा इतर वाद्यं तीच धून म्हणतात तेव्हा एफच्या जागी वरचा बी फ्लॅट येतो. छपाईची चूक समजून मी फ्लूटची ओळ पेन्सिलीने 'सुधारली' होती. खोडरबर जवळ ठेवावा.

रखमानिनोवसाठी फेब्रुवारी ते एप्रिल. १९०१ मध्ये मॉस्कोत पूर्ण वाजलेला हा कॉन्चेर्टो: चार हॉर्न, तीन ट्रॉम्बोन, ट्यूबा, बास ड्रम, झांजा. पान भरलेलं, पण सोय अशी की हॉर्न सगळीकडे एफ मध्येच आहेत आणि क्लॅरिनेट पहिल्या मूव्हमेंटमध्ये बी फ्लॅट, पुढच्या दोन्हींत ए. दुसऱ्या मूव्हमेंटमधली क्लॅरिनेटची ती लांब धून ई मेजरमध्ये ऐकू येते आणि पानावर जी मेजरमध्ये दिसते, चार शार्पांच्या जागी एक. पियानोचे तिथले ट्रिपलेट (एका ठोक्यात तीन स्वर) चार-चारच्या गटांत फिरतात, त्यामुळे चार ठोक्यांचा बार तीन ठोक्यांचा वाटतो. शूमानवर महिना घालवला असेल तर हे दोन दिवसांत सुटतं. फ्लूट आत शिरतो तिथे पहिला ठोका कुठे आहे ते मात्र स्कोअरवर बोट ठेवूनच बघा.

पहिल्या आठ बारांत पियानो एकटा आहे. त्यानंतरची मोठी धून व्हायोलिन, व्हायोला आणि क्लॅरिनेट यांची, आणि पियानो खाली अर्पेजिओंची खळबळ करतो. पियानोवाल्याने कित्येक महिने घासलेली ती पानं म्हणजे साथ आहे. माझ्या प्रतीत त्या पानांवर 'मोठ्याने' अशी खूण होती, ती खोडून व्हायोलिनचं धनुष्य कुठे बदलत असेल त्या जागा लिहिल्या. मूव्हमेंटच्या परतीच्या भागात दुसरी धून एकटा हॉर्न म्हणतो, ए फ्लॅट मेजरमध्ये. रखमानिनोवने स्वतः कंडक्टर स्टोकोव्स्की आणि फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्राबरोबर १९२९ मध्ये केलेलं रेकॉर्डिंग स्कोअर समोर ठेवून ऐकावं, पण तिसऱ्यांदा ऐकताना. पहिल्यांदा आधुनिक रेकॉर्डिंग, ज्यात वाद्यं सुटी ऐकू येतात. दुसऱ्यांदा फक्त फुंकवाद्यांच्या ओळीवर नजर ठेवून. जुन्या रेकॉर्डिंगमध्ये बास आणि मधल्या ओळी दबलेल्या असतात, त्या एव्हाना डोळ्यांना सापडायला लागलेल्या असतात.

कुठल्या जागा कळल्या आणि कुठल्या नाहीत हे तपासायला एक काम केलं: प्रत्येक कॉन्चेर्टोतले आठ बार म्यूझस्कोअर या मोफत सॉफ्टवेअरमध्ये सगळी वाद्यं प्रत्यक्ष वाजणाऱ्या स्वरांत लिहून काढले. हॉर्न चुकीच्या सप्तकात गेला की कान लगेच सांगतो. आठ बारांना सुरुवातीला पाच तास लागले, रखमानिनोवला दीड. मग त्याच आठ बारांचं स्वतःचं रिडक्शन करून छापील रिडक्शनशी ताडलं. छापणाऱ्याने काय गाळलं ते तिथे दिसतं, आणि बहुतेक वेळा गाळलेला असतो दुसरा बासून किंवा व्हायोला.

सध्या ब्राम्सचा दुसरा उघडला आहे. पहिल्याच पानावर एकटा हॉर्न, तोही 'बी टीफ' म्हणजे खालच्या बी फ्लॅटमध्ये: लिहिल्यापेक्षा एक सप्तक आणि वर एक सूर इतका खाली. समासात 'काळी पाच, दोन घरं खालची' असं लिहून ठेवलं आहे. शेवटच्या दोन मूव्हमेंटमध्ये ट्रम्पेट आणि टिंपनी यांना काहीच काम नाही, त्यामुळे त्या पानांची छपाई ए-४ वर चालेल असं वाटलं होतं. पण तिसऱ्या मूव्हमेंटमध्ये एकट्या चेलोची ओळ बाकीच्या चेलोंपासून वेगळी छापलेली असते. ए-३ च घ्या.